ग्रामस्थ मंडळ

ग्रामस्थ मंडळ : एखाद्या गावाच्या अथवा वाडीच्या सामाईक गरजा भागविण्यासाठी तेथील रहिवाशांनी, तसेच त्याच गावचे म्हणविणाऱ्या परंतु नोकरीधंद्यानिमित्त अन्यत्र राहणाऱ्या लोकांनी, स्वेच्छेने स्थापन केलेली संस्था. पिण्याचे पाणी, पायवाट व रस्ता, साकव, शाळेची इमारत, स्मशानभूमी, ग्रामदैवताचे देऊळ आणि उत्सव हे तिचे परंपरागत विषय होत. डोंगरउतारांची सुरक्षितता, झऱ्यांचे व वनांचे रक्षण, नद्यांचे प्रदूषण आणि पूर हे विषयही गेल्या काही दशकांत तिच्या कक्षेत आले आहेत. ग्रामपंचायत ही कायद्याने निर्माण झालेली संस्था असून तिला कर बसविण्याचा अधिकार असतो. ग्रामस्थ मंडळाला असा कोणताही अधिकार नसतो. वर्गणी, श्रमदान आणि गावाचा शब्द एवढ्याच बळावर ते चालते. अशी मंडळे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आढळतात. पण कोकणात, आणि त्यातही रायगड जिल्ह्यातील (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) महाड व पोलादपूर या डोंगरी तालुक्यांत, त्यांचे स्वरूप विशेष स्पष्टपणे दिसते. प्रस्तुत नोंदीत शिवथर खोरे व त्याच्या आसपासचा प्रदेश समोर ठेवून या संस्थेचा परिचय करून दिला आहे.

शिवथर खोरे महाड तालुक्याच्या पूर्व भागात सह्याद्रीच्या पायथ्याशी, वरंध घाटाच्या परिसरात वसले आहे. सतराव्या शतकात हा मुलूख जावळीच्या मोऱ्यांच्या अंमलाखाली होता व १६५६ मध्ये तो शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला. समर्थ रामदासांनी दासबोध जेथे सांगितला अशी श्रद्धा आहे, ती शिवथरघळ १९३० मध्ये धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी शोधून काढल्यापासून खोऱ्याचे नाव सर्वत्र झाले. मात्र घळीची कीर्ती आणि खोऱ्याचे दैनंदिन जीवन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर या नावांवरूनच लक्षात येते की, येथील गाव एकजिनसी नसून ते वाड्या व कोंड यांत विखुरलेले आहे. एका महसुली गावात चार-पाच वाड्या, दोन वाड्यांमध्ये एखादा वहाळ किंवा टेकाड, आणि उंचावर गवताळ सपाटीला धनगरवाडी अशी वस्तीची सर्वसाधारण रचना असते. वर्षाकाठी ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. परंतु तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून उतारावरून सावित्रीच्या खोऱ्यात आणि पुढे बाणकोटच्या खाडीत निघून जातो. पावसाळ्यात वाडीचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटण्याची भीती असते, तर उन्हाळ्यात घोटभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. ग्रामस्थ मंडळाच्या कामाची दिशा या दोन टोकांनी ठरविली आहे.

उगम : मंडळ हे नाव अर्वाचीन असले, तरी त्यामागील व्यवहार जुना आहे. कोकणातील गावकी ही संस्था देवस्थानाची व्यवस्था, शिमग्याची पालखी, सामाईक राने व पाणवठे आणि आपसांतील तंटे यांची दखल घेत असे. घरटी पट्टी काढणे आणि घरटी एक माणूस कामाला देणे हे तिचे दोन मुख्य संकेत होते. गावकीचे निर्णय मानकरी घराण्यांच्या हाती असत आणि तिच्या डोक्यावर खोताची सत्ता असे. खोती १९४९ च्या कायद्याने रद्द झाली. गावकीचे मान मात्र पुष्कळ काळ टिकून राहिले. आजच्या मंडळाने गावकीकडून पट्टी आणि श्रमदान घेतले, तर घटना, पदाधिकारी, सभेचा वृत्तांत व छापील जमाखर्च ही साधने मुंबईहून आणली.

मुंबईचा हा भाग महत्त्वाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडगिरण्या सुरू झाल्यावर कोकणातील पुरुष मोठ्या प्रमाणावर मुंबईस जाऊ लागले. महाडकडील लोक दासगाव बंदरातून जलमार्गाने जात. पुढे रस्त्याने एसटीची वाहतूक सुरू झाली. लालबाग, परळ, वरळी, डिलाइल रोड या भागांतील चाळींत एकेका गावाची खोली असे. तीत पाळीपाळीने झोपणारे गिरणी कामगार, त्यांची जेवणाची सोय करणारी खाणावळ, आणि खोलीच्या भिंतीशी रचलेल्या ट्रंका असा हा संसार होता. खोलीचे भाडे, आजाऱ्याची देखभाल, मृताच्या घरी पाठवायची मदत यांसाठी जी बचत होई, तिच्यातून गावाचा निधी जन्माला आला. शिल्लक राहिलेल्या पैशांतून देवळाचे कौलारू छप्पर, त्यानंतर शाळेची खोली आणि मग विहीर असा कामांचा क्रम पुष्कळ गावांत आढळतो. गोमंतकीयांची मुंबईतील ‘कूड’ ही याच जातीची संस्था होय. स्थलांतरित लोकांनी आपल्या मूळ गावासाठी चालविलेल्या संस्था पश्चिम आफ्रिकेत आणि मेक्सिकोतही आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या मेक्सिकन लोकांच्या ग्रामसंस्थांनी जमविलेल्या पैशांत तेथील शासनाने आपली भर घालण्याची योजनाही आखली. आपल्याकडे मुंबईकरांच्या पैशास असा शासकीय जोड क्वचितच मिळाला.

रचना : सामान्यतः एकाच गावाची तीन मंडळे असतात : गावातील ग्रामस्थ मंडळ, मुंबई मंडळ आणि महिला मंडळ. पहिल्याकडे काम करून घेण्याची, दुसऱ्याकडे पैसा उभारण्याची जबाबदारी असते. तिसऱ्याकडे प्रत्यक्षात बरेच काम आणि कागदावर थोडे अधिकार असतात. वर्गणी कमावत्या माणसामागे किंवा घरामागे ठरते. मोठे काम निघाल्यास खास पट्टी बसवितात व मुंबईत एखादा नाट्यप्रयोग किंवा क्रिकेटचे सामने भरवून निधी गोळा करतात. वार्षिक सभा गणपतीत, शिमग्यात किंवा मे महिन्यात होते, कारण त्याच वेळी चाकरमानी गावी येतात. या सभेत जमाखर्च मोठ्याने वाचून दाखविण्याची पद्धत आहे. वर्गणी थकविणाऱ्याचे नाव सर्वांसमक्ष वाचले जाणे हाच मंडळाच्या हातातील खरा दंड. इतर कोणत्याही दंडास कायद्याचा आधार नाही. पूर्वी थकबाकीदाराला किंवा सभेचा निर्णय न मानणाऱ्याला वाळीत टाकण्याचे प्रकारही होत. महाराष्ट्राने २०१६ च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविला आहे व ते योग्यच झाले.

अनेक मंडळे संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदलेली असतात. या नोंदणीस किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात अशा संस्थांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेसंबंधीच्या १९५० च्या अधिनियमाखालीही नोंद करून दरवर्षी हिशेब द्यावे लागतात आणि पदाधिकारी बदलले की बदल अहवाल द्यावा लागतो. बदल अहवाल वेळेवर न दिल्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे, क्वचित दिवंगत झालेले, पदाधिकारीच कागदोपत्री चालू राहिल्याची उदाहरणे थोडी नाहीत. नोंदणी न केलेली मंडळेही खूप आहेत. छोट्या कामांस तेवढ्याने अडत नाही, परंतु बँकेत खाते उघडणे, जमीन नावावर करून घेणे आणि न्यायालयात दाद मागणे अवघड होते.

ग्रामपंचायत असताना मंडळाची गरज का भासावी, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ मध्ये संमत झाला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामास लागल्या आणि १९९३ पासून ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेस घटनात्मक आधार मिळाला. तरीही मंडळे मावळली नाहीत. याचे मुख्य कारण वस्तीच्या रचनेत आहे. डोंगरी भागात अनेक लहान गावे मिळून एक गट ग्रामपंचायत असते. तिच्या पाच-सात वाड्यांपैकी तीस उंबऱ्यांच्या वाडीस जेमतेम एखादा सदस्य मिळतो, कधी तोही मिळत नाही. पंचायतीचा निधी मोठ्या वस्तीकडे वळणे हे तिच्या गणिताप्रमाणेच होते. वाडीचा प्रश्न वाडीबाहेर कोणी तरी सतत मांडत राहिले पाहिजे. ते काम मंडळ करते. अर्ज, ठराव, निवेदन, तालुक्याच्या गावी फेऱ्या, मुंबईत मंत्रालयातील ओळखीचा गाववाला शोधणे, अशा कामांत मंडळाची बरीच शक्ती जाते. पंचायत आणि मंडळ यांचे संबंध गावागावांत भिन्न असतात. पुष्कळदा सरपंच हाच मंडळाचा माजी चिटणीस असतो, तर काही ठिकाणी मंडळ म्हणजे पराभूत पॅनेलचे दुसरे नाव होऊन बसते.

पाणी : मंडळांच्या कार्याचा इतिहास बव्हंशी पाण्याचा इतिहास आहे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या बेसाल्ट खडकात पाणी साठविणारे थर पातळ आहेत. पावसाचे पाणी भेगांतून उतरते आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. डिसेंबरपर्यंत भरपूर वाहणारा झरा एप्रिल-मेमध्ये करंगळीएवढा होतो. विहिरींचीही तीच गत. त्यामुळे प्रचंड पावसाच्या या तालुक्यांत मे महिन्यात टँकर पाठवावे लागतात. परक्याला हे विलक्षण वाटते, येथील स्त्रियांना वाटत नाही.

वाडीच्या वर झरा असेल, तर गुरुत्व पद्धतीची नळयोजना सर्वांत स्वस्त पडते; तिला वीजही लागत नाही आणि पंपही. अशा योजनेचे गणित साधे आहे व ते मंडळाच्या कार्यकर्त्याला स्वतः करता आले पाहिजे. चाळीस घरांच्या, म्हणजे सु. दोनशे माणसांच्या वाडीला दरडोई दररोज ५५ लिटर या सध्याच्या मापाने ११,००० लिटर पाणी हवे. झऱ्याखाली दहा लिटरची बादली एका मिनिटात भरत असेल, तर चोवीस तासांत १४,४०० लिटर पाणी मिळते. म्हणजे झरा पुरेसा आहे. परंतु लोक पाणी चोवीस तास भरीत नाहीत. निम्मे पाणी सकाळच्या दोन तासांत लागते. म्हणून रात्री सात ते पहाटे सहा या वेळात येणारे ६,६०० लिटर पाणी धरून ठेवणारी टाकी नसेल, तर पुरेसा झरा असूनही वाडी तहानलेली राहते. बादलीचे हे माप मे महिन्यात घेतले पाहिजे. डिसेंबरात माप घेऊन केलेली योजना उन्हाळ्यात बंद पडते, आणि बंद पडलेल्या योजनांच्या कोरड्या टाक्या अनेक वाड्यांच्या माथ्यावर उभ्या आहेत. झरा तिसऱ्या हिश्श्यावर आला, तर ४,८०० लिटर, म्हणजे माणशी २४ लिटर पाणी उरते, जनावरांचे त्यातच.

दुसरी अडचण स्थापत्याची नसून कागदाची असते. झरा किंवा टाकीची जागा एखाद्याच्या खाजगी मालकीची असते. मालक थोर मनाने तोंडी परवानगी देतो. मंडळ टाकी बांधते. वीस वर्षांनी जमिनीची वाटणी होते आणि मुलगा किंवा नवा खरेदीदार नळवाट अडवितो. बक्षीसपत्र अथवा नोंदलेले संमतिपत्र करून सातबाराच्या इतर हक्कांत नोंद करून घेणे हा यावरील उपाय आहे. जागेचा प्रश्न निघताच ‘आपल्यात कागद कशाला’ असे म्हणणारा माणूस प्रत्येक सभेत असतो. त्याच्या सद्भावाबद्दल शंका नसते. पण कागद त्याच्यासाठी नसून त्याच्या नातवासाठी असतो.

केंद्राच्या ‘स्वजलधारा’ (२००२) आणि महाराष्ट्राच्या ‘जलस्वराज्य’ या योजनांत लोकवर्गणीचा दहा टक्के भाग सक्तीचा झाला, तेव्हा कोकणातील मंडळांना हे नवे नव्हते. त्यांनी तो मुंबईहून आणला. २०१९ पासूनच्या जल जीवन मिशनमध्ये घरोघरी नळ हे लक्ष्य आहे. नळ पोचल्यावर दुरुस्ती, वीजबिल व पाणीपट्टी यांचा भार कायम राहतो आणि तो कोणी उचलावयाचा, यावरून पंचायत व मंडळ यांच्यात ओढाताण होते. झऱ्याच्या वरचे रान राखणे हे याच साखळीतील काम असून ते फार थोड्या मंडळांनी मनावर घेतले आहे. पावसाळा सरताच वहाळावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारे घालण्याची पद्धत मात्र चांगली रुजली. या बंधाऱ्याला खर्च जवळजवळ नाही. तो एका हंगामापुरता टिकतो व पुढील वर्षी पुन्हा घालावा लागतो. ज्यांच्या ‘वनराई’ या संस्थेने त्याचा प्रसार केला, ते मोहन धारिया (१९२५–२०१३) महाड तालुक्यातील नाते या गावचे होत.

ग्रामस्थ कोण ? : सार्वजनिक पाण्याचा विचार महाड तालुक्यात चवदार तळ्यावाचून पुरा होऊ शकत नाही. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून ठराव केला. परंतु तो कागदावरच राहिला. १९–२० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या परिषदेनंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले व त्यांनी पाणी घेतले. या परिषदेच्या संघटनेत रामचंद्र बाबाजी मोरे हे दासगावचे तरुण कार्यकर्ते पुढे होते. नगरपालिकेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला. तळे खाजगी असल्याचा स्पृश्य वादींचा दावा मुंबई उच्च न्यायालयाने अखेर १९३७ मध्ये फेटाळला. या घटनेचा येथे संबंध असा, की ‘गावाचे’ या शब्दात कोण येते हा प्रश्न प्रत्येक ग्रामस्थ मंडळापुढे तेव्हापासून उभा आहे. अनेक गावांत ग्रामस्थ मंडळ म्हणजे व्यवहारात मराठा वा कुणबी वाड्यांचे मंडळ असते. बौद्ध वाडीचे मंडळ निराळे असून त्याचा संबंध मुंबईच्या बौद्धजन पंचायत समितीशी असतो. सावित्रीच्या खाडीकाठी कोकणी मुसलमानांच्या गावांतून जमात हेच कार्य करते आणि तिचा पैसा मुंबईबरोबरच आखाती देश आणि दक्षिण आफ्रिका येथूनही आलेला आहे. कातकरी वाडीला तर मुंबई मंडळच नसते, कारण कातकऱ्यांचे स्थलांतर वीटभट्ट्यांकडे व कोळसाभट्ट्यांकडे होते आणि त्यातून निधी जमत नाही, कर्ज जमते. नळयोजनेची शेवटची तोटी त्या वाडीच्या अलीकडे थांबलेली दिसते, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. पाणी स्त्रियांनी आणावयाचे आणि टाकीची जागा पुरुषांनी ठरवावयाची, हीही अशीच एक रूढी. पंचायतींत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्यापासून (२०११) आणि बचत गट वाढल्यापासून ती सैल होत आहे. परंतु मुंबई मंडळाच्या कार्यकारिणीत स्त्री अजून अपवादानेच आढळते.

रस्ते व साकव : वहाळावर लाकडी ओंडके टाकून केलेला साकव हे वाडीच्या सामाईक श्रमाचे जुने काम. त्यांची जागा बहुतेक ठिकाणी शासकीय खर्चाच्या काँक्रीटच्या साकवांनी घेतली आहे. मोठ्या पुलांचा विषय मंडळांच्या आवाक्याबाहेरचा असला, तरी त्यांच्या जीवनमरणाचा आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिश काळातील दगडी पूल पुरात कोसळला आणि मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी बसगाड्या व अन्य वाहने वाहून गेली. पुढच्याच वर्षी तेथे नवा पूल झाला. जुन्या बांधकामांची नियमित तपासणी व्हावी, ही मागणी तेव्हापासून जिल्ह्यातील मंडळांच्या निवेदनांत वारंवार येते.

डोंगरउतार : अलीकडच्या काळात या मंडळांपुढील सर्वांत गंभीर विषय दरडींचा आहे. २५-२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, कोंडिवते व रोहन या गावांवर दरडी कोसळून सु. दोनशे माणसे मृत्युमुखी पडली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावची कोंडाळकरवाडी दरडीखाली गाडली जाऊन ऐंशीहून अधिक बळी गेले. त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी व केवनाळे येथेही दरडी कोसळल्या. त्या दिवशी महाबळेश्वरास चोवीस तासांत जवळजवळ ६०० मिमी. पाऊस झाला होता. महाड शहर पुराखाली, रस्ते बंद, भ्रमणध्वनी बंद. बचावपथके तळियेला दुसऱ्या दिवशी पोचली. पुणे जिल्ह्यातील माळीण (३० जुलै २०१४) आणि रायगड जिल्ह्यातीलच इरशाळवाडी (१९ जुलै २०२३) या घटना याच मालिकेतील होत.

उतारावर खडकाचे तुकडे होऊन, कुजून तयार झालेल्या मातीचा जाड थर असतो. तो कोरडा असताना कणांच्या घर्षणामुळे जागेवर टिकतो. संततधारेने कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्या की, पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून दूर रेटतो, घर्षण घटते आणि वजन वाढते. खालच्या अखंड खडकाच्या पृष्ठावरून सर्व थर घसरू लागतो. उतार कापून केलेले रस्ते व घरांचे चौथरे हे त्याचा पायथ्याचा आधार काढून घेतात. डोंगरमाथ्यावर साचलेले पाणी भेगांतून आत शिरते. झाडे तोडल्याने मुळांची वीण नाहीशी होते. मात्र दाट रानाचा उतारही पुरेशा पावसात घसरतो, हे इरशाळवाडीने दाखविले. म्हणून ‘झाडे लावली की दरड थांबेल’ हे भाषण अपुरे आहे.

दरड बहुधा सूचना देते. उताराच्या माथ्याला चंद्रकोरीसारखी भेग पडणे, झाडे किंवा खांब कलणे, घराच्या भिंतीस नव्याने तडे जाणे, जोत्यात नवा पाझर फुटणे, स्वच्छ झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा भर पावसात झरा आटणे ही तिची लक्षणे आहेत. ती पाहणारे डोळे वाडीतच असतात; भूवैज्ञानिक वर्षातून एकदा येऊन जातो. जून महिन्यापूर्वी डोंगरमाथ्यावर फेरी मारून भेगा शोधणे, त्यांना चुन्याने खुणा करून त्या रुंदावतात का ते पाहणे, चिकणमातीने त्या बुजविणे, माथ्यावरील पाणी चराने बाजूस काढून देणे आणि साध्या पर्जन्यमापकाने रोजचा पाऊस लिहून ठेवणे ही कामे मंडळाला सहज जमण्याजोगी आहेत. किती पाऊस झाल्यावर घरे सोडावयाची आणि कोठे जावयाचे, हे सभेत आधी ठरले नसेल तर त्या रात्री ठरत नाही. निवाऱ्यासाठी बहुधा शाळा नेमलेली असते. ती शाळा त्याच उताराखाली आहे काय, हे प्रथम पाहावे.

यानंतरचा प्रश्न पुनर्वसनाचा, आणि येथे मंडळाची खरी कसोटी लागते. धोक्याची वाडी हलवावी हे तत्त्व म्हणून सर्वांना मान्य असते. पण नवी जागा शेतापासून चार किमी. दूर असते, गोठ्याला जागा नसते, गुंठा-दीड गुंठ्यात दोन भावांची घरे बसत नाहीत आणि जुन्या जागेवरचा हक्क जाईल अशी धास्ती असते. शासनाला एका वेळी सर्व वाडी हलवावयाची असते; अर्धी घरे तयार होतात, अर्धी होत नाहीत. मुंबईत राहणाऱ्याला घर मिळावे की नाही, हा त्यातील सर्वांत कडवट वाद. गावी त्याचे बंद घर आहे, वर्गणी त्याने भरली आहे, परंतु दरडीचा धोका त्याच्या अंगावर नाही. तळियेच्या पुनर्वसनाचे काम म्हाडाकडे सोपविण्यात आले व आधी तयार केलेल्या भागांची जुळणी करून घरे उभारण्यात आली. घरे लवकर मिळावीत व ती कोकणच्या पावसाला टिकावीत, या दोन्ही मागण्या एकाच वेळी लावून धरण्याचे काम तेथील लोकांना दीर्घकाळ करावे लागले. ज्या वाड्यांवर दरड अद्याप कोसळलेली नाही, परंतु कोसळण्याचा संभव आहे, त्यांची स्थिती अधिक बिकट आहे : त्यांच्याकडे निवेदने आहेत, दुर्घटना नाही. दर जूनमध्ये त्यांना स्थलांतराची नोटीस मिळते आणि सप्टेंबरात ती विसरली जाते.

खोऱ्याचा प्रश्न : वाडीचे मंडळ वाडीपुरते पाहते, नदी मात्र वाडी जाणत नाही. वरच्या उतारांवरून सुटलेली माती सावित्रीच्या पात्रात बसते, पात्र उथळ होते, आणि भरतीच्या वेळी पुराचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरते. २०२१ च्या पुरानंतर महाडच्या नागरिकांनी पूरनिवारणासाठी समिती स्थापून नदीतील गाळ व बेटे काढण्याची आणि दासगावजवळ रेल्वेमार्गाच्या भरावामुळे पाण्याला होणारा अडथळा दूर करण्याची मागणी लावून धरली; गाळ काढण्याचे काम काही प्रमाणात झालेही. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी हा खाडीकाठच्या मच्छीमारांचा जुना गाऱ्हाण्याचा विषय आहे. अशा प्रश्नांत एकटे मंडळ निष्प्रभ ठरते. पाण्याचा नमुना केव्हा, कोठून व कोणासमक्ष घेतला याची नोंद ज्यांनी ठेवली, त्यांच्याच तक्रारी प्रदूषण नियंत्रण मंडळापुढे टिकतात. केवळ ‘पाणी काळे झाले’ एवढे म्हणणे पुरत नाही. निसर्गरक्षणात विशिष्ट विषयाला वाहिलेल्या संस्थांचे काम अधिक नेमके झाले आहे. महाडच्या ‘सिस्केप’ या संस्थेने म्हसळा तालुक्यातील चिरगाव येथे गावकऱ्यांच्या साहाय्याने केलेले गिधाडांचे संवर्धन हे त्याचे उदाहरण होय.

पश्चिम घाटासंबंधीच्या माधव गाडगीळ समितीने (२०११) संवर्धनाचे निर्णय ग्रामसभांपर्यंत नेण्याची शिफारस केली होती. कस्तुरीरंगन समितीने (२०१३) संवेदनक्षेत्र गावनिहाय निश्चित केले व २०१४ पासून त्याची प्रारूप अधिसूचना वेळोवेळी निघत आली आहे. मराठीत आलेला मजकूर वाडीपर्यंत क्वचितच पोचला. त्याआधी अफवा पोचली, की आता घराचे छप्परही दुरुस्त करता येणार नाही. पुष्कळ ठिकाणी त्यामुळे विरोधाचे ठराव झाले. त्याच वेळी डोंगरमाथ्यावरील जमिनी बाहेरच्या खरेदीदारांकडे जात होत्या आणि तेथे उतार कापून रस्ते होत होते. त्यांविषयीचे ठराव तुलनेने कमी आढळतात. शिवथरघळीसारख्या ठिकाणी पावसाळी पर्यटकांच्या गर्दीने वाहनतळ, कचरा आणि धबधब्यातील अपघात हे नवे विषय आणले आहेत. त्यांतून काही घरांना रोजगारही मिळतो, त्यामुळे गावाचे मत एक नसते.

सद्यःस्थिती : १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबई मंडळांचा आर्थिक पाया खचला. गिरणगावातील खोल्या गेल्या. सभासद विरार, नालासोपारा, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई येथे पांगले. कायम पगाराच्या कामगाराची जागा रिक्षाचालक, सुरक्षारक्षक, वाहनचालक, कुरिअरवाला यांनी घेतली आणि मासिक वर्गणी अनियमित झाली. दुसरीकडे शिकलेल्या पिढीतून अभियंते, शिक्षक, लेखापाल मंडळांना मिळाले. गावात कायम राहणाऱ्यांची संख्या मात्र घटत असून वृद्धांचे प्रमाण वाढते आहे. काही वाड्यांत साकव उभारण्याइतके हात उरलेले नाहीत. श्रमदानाऐवजी मजुरी देऊन काम करावे लागते. सभा भ्रमणध्वनीवरील गटांवर होतात, त्यांत मुंबईची मते अधिक आणि गावची कमी पडतात. नेटवर्क नसलेल्या वाडीची तर पडतच नाहीत. म्हणून काही मंडळांनी पाणी, जागा व स्थलांतर या विषयांवरील मतदान गावी प्रत्यक्ष राहणाऱ्या प्रौढ स्त्री-पुरुषांपुरते ठेवण्याचा नियम करावा, अशी सूचना पुढे आली आहे. मुंबईकरांना ती सहसा रुचत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ती रास्त आहे. वर्गणीच्या पावतीवर जुलै महिन्यातील रात्र नोंदलेली नसते.